खाऱ्या पाण्याच्या टाकीत मासे पुन्हा पुन्हा का मरतात: इंदूरच्या घरांसाठी तपासणीचा क्रम

"पाणी तपासलं, सगळं बरोबर आहे, तरी मासे मरतात" ही तक्रार खाऱ्या पाण्याच्या टाक्या ठेवणाऱ्यांमध्ये नेहमी ऐकू येते. यातलं 'सगळं' म्हणजे बहुतेक वेळा पीएच, अमोनिया आणि नायट्रेट. रात्री उतरणारा ऑक्सिजन, तांबं, डासांच्या औषधाची वाफ, कल्ल्यांत बसलेले परजीवी यांपैकी एकही गोष्ट त्या तीन चाचण्यांत दिसत नाही. म्हणून इथला क्रम थोडा वेगळा आहे. आधी मृत्यू कसा आणि केव्हा झाला ते पाहायचं, मग मेलेला मासा तपासायचा, आणि पाण्याच्या आकड्यांचा अर्थ त्या दोन्हींच्या संदर्भात लावायचा.

पहिला तास

मेलेला मासा लगेच बाहेर काढा, पण फेकू नका. पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये नको, कारण गोठल्यावर पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काहीच ओळखू येत नाही. पाणी बदलायच्या आधी टाकीतलं अर्धा लिटर पाणी स्वच्छ बाटलीत भरून बाजूला ठेवा. घाईघाईत निम्मं पाणी बदललं की कारणही त्या पाण्याबरोबर मोरीत जातं.

मग वेव्हमेकरचं (टाकीत प्रवाह फिरवणाऱ्या छोट्या पंपाचं) तोंड वर करा, पृष्ठभाग खळबळला पाहिजे. हवेचा पंप असेल तर तोही लावा. कारण काहीही असो, जास्त हवेनं नुकसान होत नाही. मात्र खोलीत नुकताच कसला फवारा मारला असेल तर हवेचा पंप लावू नका. त्याचं कारण पुढे येईल. तापमान आणि क्षारता मोजून कागदावर लिहा, वेळही लिहा. दगडांमागे हात घालून सगळे मासे मोजा, कारण एखादा मासा दोन दिवसांपूर्वीच मागे मरून कुजत असेल तर अमोनियाचा आकडा कारणाचा नसून परिणामाचा असतो. हात घालण्याआधी हीटर आणि पंपांची वीज बंद करा.

या तासात औषध घालू नका. दुकानातून 'सर्वरोगहारी' बाटली आणून मुख्य टाकीत ओतणं ही पहिल्या मृत्यूनंतरची सगळ्यात महागडी चूक असते. तांब्याचं औषध दगड आणि वाळू शोषून घेतात. मात्रा टिकत नाही, परजीवी मरत नाहीत आणि कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ मात्र जातात.

किती मेले, केव्हा मेले, आधी कोण मेलं

काही तासांत बरेच मासे एकदम मेले तर ऑक्सिजन, उष्णता किंवा विष. रोज एक-दोन असे चार-सहा दिवसांत मेले तर परजीवी, त्यातही बहुधा व्हेल्व्हेट (कल्ल्यांत बसणारा एक सूक्ष्म परजीवी). नवीन आणलेलाच मासा तिसऱ्या ते पंधराव्या दिवसात जातो आणि जुने ठणठणीत राहतात, असं असेल तर प्रवास, क्षारतेचा धक्का, मारामारी किंवा तो मासा आधीच पोखरलेला असणं. आणि महिन्या-दीड महिन्याला एक, असं चालू असेल तर उपासमार, चोरून मारणारा एखादा सोबती किंवा हळूहळू साठणारा धातू.

सकाळी दिवे लागायच्या आधी मेलेले सापडतात का, हे नक्की बघा. रात्री शेवाळ आणि प्रवाळ ऑक्सिजन तयार करत नाहीत, उलट वापरतात. पहाटे टाकीतला ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. तोंड उघडं, कल्ले ताणलेले आणि अंगावर एकही खूण नाही, असा मासा पहाटे सापडला तर आधी हवेकडे बघा.

आणि आधी गेलं कोण? कोळंबी, गोगलगायी आधी गेल्या आणि मासे नंतर, तर तांब्याचा किंवा कीटकनाशकाचा संशय धरा. मासे गेले पण कोळंबी खुशाल दगडावर फिरते आहे, तर पाण्यात विष असण्याची शक्यता फारच कमी. तो रोग किंवा ऑक्सिजन. हा एक प्रश्न दहा चाचण्यांइतका उपयोगी आहे.

इंदूरची हवा आणि टाकीतला ऑक्सिजन

समुद्रकाठच्या शहरांसाठी लिहिलेला सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे. हवेचा दाब तिथल्यापेक्षा सुमारे ६ टक्के कमी, म्हणून पाण्यात विरघळणारा ऑक्सिजनही तेवढा कमी. खाऱ्या पाण्यात तो मुळातच गोड्या पाण्यापेक्षा कमी असतो. २५ अंशांना, ३५ क्षारतेच्या (किलोमागे ३५ ग्रॅम क्षार असलेल्या) पाण्यात, समुद्रसपाटीला लिटरमागे जास्तीत जास्त ६.७ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो. इंदूरला ६.३. पाणी ३१-३२ अंशांवर गेलं की हा आकडा साडेपाचच्या जवळ येतो, आणि नेमकी तेव्हाच माशाची ऑक्सिजनची गरज वाढलेली असते. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मे महिन्यात टाकीचं पाणी ३२ अंशांवर जायला काहीच वेळ लागत नाही.

पाणी २४ ते २७ अंशांत ठेवायचं. एप्रिल-मेमध्ये इंदूरची हवा इतकी कोरडी असते की पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका रोखलेला साधा छोटा पंखा तापमान ३ ते ४ अंशांनी उतरवतो. हे थंड होणं बाष्पीभवनामुळे आहे: १ लिटर पाणी उडून जाताना जेवढी उष्णता नेतं, तेवढीनं २०० लिटर पाणी जवळजवळ ३ अंशांनी थंड होतं. पण तोच पंखा जुलैत निकामी ठरतो, कारण हवेत आधीच ओलावा भरलेला असतो. 'उन्हाळा काढला, आता काय' म्हणून निर्धास्त झालेल्या टाकीत मासे जुलै-ऑगस्टच्या दमट, वारा पडलेल्या रात्री मरतात, त्याचं कारण हेच. पावसाळ्यासाठी एसी किंवा चिलरच लागतो. अडचणीच्या वेळी गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या टाकीत सोडा: १ लिटरची एक बाटली २०० लिटर पाणी साधारण अर्ध्या अंशानं उतरवते. तासाला १ अंशापेक्षा जास्त उतरवू नका.

पंख्याचा दुसरा परिणाम क्षारतेवर होतो. पाणी उडतं, मीठ उडत नाही. २०० लिटरच्या टाकीतून मे महिन्यात पंख्याखाली रोज ४ लिटर पाणी गेलं आणि घरची मंडळी आठवडाभर पुण्याला गेली, तर परत येईपर्यंत ३५ ची क्षारता ४०-४१ वर पोचलेली असते. शेजारच्या काकू रोज चिमूटभर खाणं घालतात, पण पाणी भरायचं त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. काचेवर पट्टीनं रेघ मारून द्या आणि आरओ पाण्याचे भरलेले कॅन शेजारी ठेवा: रोज रेघेपर्यंत, मीठ नसलेलं पाणी. घरी आल्यावर क्षारता वाढलेली दिसली तर ती दिवसभरात थोडी थोडी खाली आणा. कमी करणं मासे सोसतात. वाढवणं सोसत नाहीत.

वीज गेल्यावर काय होतं याचा अंदाज आधीच घ्या. मासे दाटीनं असलेल्या टाकीत पंप बंद पडल्यावर एक-दोन तासांत मोठे मासे पृष्ठभागाशी येऊ लागतात. घरच्या इन्व्हर्टरवर सगळी टाकी टाकायची गरज नाही. १० ते १५ वॉटचा एक वेव्हमेकर पुरतो. कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर) चार-पाच तास बंद राहिला असेल तर वीज आल्यावर तो थेट चालू करू नका. आतलं पाणी ऑक्सिजनविना सडलेलं असतं, त्यात हायड्रोजन सल्फाइड असू शकतो. सडक्या अंड्यांचा वास आला तर ते पाणी बादलीत ओता, स्पंज टाकीच्या पाण्यात खळबळा आणि मग जोडा. हाच वायू खोल, जुन्या, काळ्या पडलेल्या वाळूत असतो. वाळू ढवळून साफ केली आणि त्याच संध्याकाळी मासे आडवे पडले, तर दुसरं कारण शोधत बसू नका.

हिवाळ्यात उलटा धोका. थर्मोस्टॅट चिकटला की हीटर बंदच होत नाही. एका मोठ्या हीटरऐवजी निम्म्या वॉटचे दोन लावा आणि दोन्ही बाहेरच्या तापमान नियंत्रकावरून चालवा. एसटीसी-१००० सारखा साधा नियंत्रक यासाठी पुरतो. हीटरची काच तडकली आहे का ते दर महिन्याला बघा आणि टाकीच्या वायरिंगला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच ती तोडणारा स्विच, असू द्या. तो माशांइतकाच माणसांसाठीही आहे.

घरात फिरणारं विष

टाकीत कुणी काही टाकलं नाही, तरी विष आत जातं, कारण हवेचा पंप आणि स्किमर (फेसावाटे पाण्यातली घाण काढणारं यंत्र) खोलीतली हवा ओढून बारीक बुडबुड्यांनी पाण्यात मिसळत असतात. रात्रभर लावलेलं डासांचं लिक्विड, कॉइल, झुरळांचा फवारा यांत बहुधा पायरेथ्रॉइड गटातली रसायनं असतात: ट्रान्सफ्लुथ्रिन, प्रॅलेथ्रिन वगैरे. माणसाला जी मात्रा जाणवतही नाही, ती माशांना आणि त्याहून जास्त कोळंबीला घातक ठरते. टाकीच्या खोलीत हे काहीच लावू नका, मच्छरदाणी वापरा. पावसाळ्यात गल्लीत धुराची गाडी येते तेव्हा खिडक्या लावून हवेचा पंप आणि स्किमर अर्धा-पाऊण तास बंद ठेवा. पाण्यातला वेव्हमेकर मात्र चालू राहू द्या.

दिवाळीआधीची रंगरंगोटी, पॉलिश, थिनर यांचंही तसंच. टाकी देवघराशेजारी असेल तर गणपतीच्या दिवसांतला धूप आणि कापूर यांची वाफ रोज त्याच वाटेनं आत जाते; दहा दिवस टाकीजवळची खिडकी उघडी ठेवा आणि स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर काढा. फरशीच्या फिनाईलची बादली टाकीच्या पाण्याला कधीच वापरू नका, कितीही धुतली तरी. टाकीच्या बादल्यांचा रंग वेगळा ठेवा आणि घरकामाला येणाऱ्या मावशींना तो दाखवून ठेवा. टाकी पुन्हा चिकटवायची असेल तर बुरशीरोधक सिलिकॉन चालत नाही.

संशय आला की ताजं अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन, ४० लिटरला साधारण एक मोठा चमचा, पाणी त्याच्यातून वाहील अशा जागी ठेवा आणि दोन दिवसांनी बदला. सोबत २५ ते ३० टक्के पाणी बदला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा.

पाणी कुठून येतं

इंदूरचं नळाचं पाणी मुख्यतः नर्मदेचं: मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर पंपानं वर चढवून आणलेलं. पावसाळ्यात ते गढूळ होतं, म्हणून तुरटी आणि क्लोरीन दोन्ही वाढतात. बऱ्याच वस्त्यांत ते एक दिवसाआड येतं, मग हौदात साठतं, आणि उन्हाळ्यात त्यात बोरिंगचं किंवा टँकरचं पाणी मिसळतं. एकाच घरच्या नळातून जानेवारीत आणि मेमध्ये येणारं पाणी वेगळं असतं. बोरिंगच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) नर्मदेच्या पाण्याच्या दुप्पट-तिप्पट सहज असतो. टाकीचं पाणी गाळणारं जे आरओ यंत्र जानेवारीत मेम्ब्रेनमधून ५ टीडीएस देतं ते मेमध्ये ३० देतं आणि डीआयची, म्हणजे उरलेले क्षार धरणाऱ्या शेवटच्या पायरीची, रेझिन तिसऱ्या आठवड्यात संपते. मिठात मिसळण्याआधी प्रत्येक वेळी टीडीएस मोजा. शून्य हवा. २-३ दिसू लागला की रेझिन बदला. दहाची वाट बघू नका.

आता ज्याकडे जवळजवळ कुणाचंच लक्ष जात नाही ती गोष्ट. स्वयंपाकघरातला पिण्याचा आरओ टाकीसाठी वापरू नका. त्यात चवीसाठी टीडीएस ॲडजस्टर असतो, म्हणजे थोडं कच्चं पाणी मुद्दाम मिसळलेलं असतं. आणि हल्लीच्या अनेक प्युरिफायरमध्ये 'कॉपर' किंवा 'झिंक-कॉपर' कार्ट्रिज असतं, ते पाण्यात मुद्दाम तांबं सोडतं. पिणाऱ्याला फायदा होवो न होवो, बाष्पीभवनाची भर म्हणून हे पाणी रोज २-३ लिटर टाकीत गेलं की पाणी उडतं आणि तांबं साठत जातं. आधी कोळंबी जाते, मग गोगलगायी काचेवरून सुटून पडतात, महिन्या-दोन महिन्यांनी प्रवाळ मिटतात, आणि एकटा मासा का मेला ते कुणालाच कळत नाही. तांब्याच्या घागरीतून किंवा पितळी नळातून भरलेलं पाणीही याच यादीत. चाचणीसाठी कॉपरचं किट वापरा, किंवा फिल्टरमध्ये पॉलीफिल्टरचा (धातू शोषणाऱ्या तयार पॅडचा) तुकडा ठेवा: तो निळसर झाला तर तांबं आहे. स्टीलचे क्लॅम्प आणि काच घासायचं फुगलेलं चुंबकही तपासा. आतलं लोखंड गंजून बाहेर येत असतं.

टाकीसाठी वेगळं यंत्र लागतं: सेडिमेंट, कार्बन, मेम्ब्रेन, शेवटी डीआय. सेडिमेंट आणि कार्बन सहा महिन्यांनी बदला, उन्हाळ्यात बोरिंग मिसळत असेल तर चार महिन्यांनी.

मीठ आणि मोजमाप यांतही चुका ठरलेल्या आहेत. सिंथेटिक समुद्री मीठ लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम, वापरण्याआधी २४ तास पंपानं ढवळलेलं. पावसाळ्यात उघडी राहिलेली पिशवी ओलावा धरते. ढेकळं झालेलं मीठ वजनानं घेतलं तर क्षारता कमी भरते आणि कॅल्शियमचा साका तळाशी बसतो. घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. स्वयंपाकाचं किंवा खडेमीठ कधीच नाही, त्यात जवळजवळ फक्त सोडियम क्लोराइड असतं.

रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे क्षारता मोजायचं यंत्र, गोड्या पाण्यावर शून्याला लावून भागत नाही, कारण बरीचशी स्वस्त यंत्रं वरच्या टोकाला चुकतात. घरी तपासणीचं द्रावण करता येतं: ३६.५ ग्रॅम शुद्ध मीठ आणि ९६३.५ ग्रॅम डीआय पाणी. यंत्रानं त्यात ३५, म्हणजे १.०२६ सापेक्ष घनता दाखवायला हवी. इथे साधं मीठ चालतं, कारण हे द्रावण फक्त यंत्रासाठी आहे. आधी ३२ दाखवत असेल तर तुमची टाकी इतके महिने ३८ च्या आसपास चालली आहे.

नवा मासा आणि बंद पिशवी

इंदूरला समुद्री मासा येतो तो विमानानं, रेल्वेनं किंवा रात्रीच्या बसनं, आणि दुकानापर्यंत पिशवी बंद होऊन बऱ्याचदा २० ते ३० तास झालेले असतात. पिशवीत दोन गोष्टी घडतात. माशाच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडनं पीएच ७ किंवा त्याखाली उतरतो, आणि अमोनिया साठत जातो. कमी पीएचला अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो: ७ पीएचला त्याचा विषारी भाग अर्धा टक्काच. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो, आणि ८.२ ला तोच विषारी भाग ७ टक्क्यांवर जातो. पिशवीत एकूण अमोनिया लिटरमागे ५ मिलिग्रॅम असेल तर विषारी भाग ०.०२५ वरून ०.३५ वर. ०.०२ च्या वर धोका सुरू होतो.

म्हणून लांबून आलेल्या पिशवीत दोन तास थेंब-थेंब पाणी सोडत बसणं माशाच्या जिवावर बेततं. कल्ले भाजतात, मासा तेव्हा तगतो, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी मरतो. त्याऐवजी बंद पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या, तापमान जुळेल. उघडून लगेच पिशवीच्या पाण्याची क्षारता मोजा आणि क्वारंटाइन टाकीचं (नवा मासा वेगळा ठेवायच्या टाकीचं) पाणी त्याच क्षारतेचं करून मासा थेट त्यात सोडा. पिशवीतलं पाणी फेकून द्या. दुकानदार मीठ वाचवायला आणि परजीवी दाबायला अनेकदा १.०१८ ते १.०२० वर मासे ठेवतात. तिथून १.०२६ वर एका दिवसात नेलेला मासा पाणी गमावून मरतो. रोज ०.००१ ते ०.००२ एवढंच चढवा. तुमच्या शहरातल्याच दुकानातून तासाभरात आलेल्या माशाला मात्र पारंपरिक थेंब-पद्धत चालते.

काही मासे विकत घेतानाच संपलेले असतात. सायनाइड वापरून पकडलेले मासे नीट खात असतानाच दोन-तीन आठवड्यांत अचानक मरतात. फिलिपिन्स आणि इंडोनेशियाच्या पाण्यात ही पद्धत अनेक वर्षं चालली. टाकीत जन्मलेला क्लाउनफिश घेतला तर ही शंकाच उरत नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं क्लाउनच्या पैदाशीची पद्धत भारतात कधीच बसवून दिली आहे. मॅन्डरिनसारखा मासा बारीक जिवंत किड्यांवर जगतो. नव्या टाकीत तो दोन महिन्यांत वाळून मरतो आणि 'काहीच झालं नव्हतं' असं वाटतं. पोट आत गेलं आहे का ते वरून बघा, बाजूनं नाही. मारामारीचे मृत्यू दिवे बंद झाल्यावर होतात. फाटलेले पर आणि कोपऱ्यात, पृष्ठभागाशी उभा राहणारा मासा ही त्याची खूण. गोबी, फायरफिश, रास हे उडी मारतात. टाकीतून मासा 'गायब' झाला तर आधी सोफ्याखाली बघा आणि वर बारीक जाळी बसवा.

नवी टाकी असेल तर आणखी एक गोष्ट. भारतात समुद्रातला प्रवाळ-दगड काढणं वन्यजीव कायद्यानं बंद आहे, त्यामुळे आपल्याकडच्या टाक्या कोरड्या दगडावर सुरू होतात. अमोनिया पचवणारे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. चाचणीसाठी टाकीत घातलेला अमोनियाचा डोस २४ तासांत शून्यावर येईपर्यंत मासा नको. नायट्राइटचा आकडा बघून मात्र घाबरू नका. खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे तो माशांना गोड्या पाण्याइतका बाधत नाही.

कल्ले बघा

पुन्हा पुन्हा होणाऱ्या मृत्यूंच्या मुळाशी बहुतेक वेळा परजीवीच निघतात, आणि ते कल्ल्यांत असल्यामुळे अंगावर काहीच दिसत नाही.

मासा मरून अर्धा तास झाला नसेल तर कल्ल्याचं झाकण उचला. लालभडक हे निरोगी. फिकट, चिकट, सुजलेले कल्ले म्हणजे परजीवी किंवा अमोनिया. शाळेतला १०० पट दाखवणारा सूक्ष्मदर्शक पुरतो: कल्ल्याचा तांदळाएवढा तुकडा काचेवर, वर टाकीच्या पाण्याचा थेंब. गडद, नासपतीसारखे, न हलणारे दाणे म्हणजे व्हेल्व्हेट, शास्त्रीय नाव अमायलूडिनियम. गोल, केसाळ, जागच्या जागी फिरणारे म्हणजे पांढरे ठिपके देणारा क्रिप्टोकॅरिऑन. हृदयाच्या आकाराचे, झपाट्यानं पळणारे म्हणजे ब्रूक्लिनेला. क्लाउनच्या अंगावरून बुळबुळीत कातडी सुटत असेल तर तोच. क्रोमिसच्या अंगावर लाल चट्टा असेल तर युरोनिमा.

जिवंत माशांत व्हेल्व्हेटची लक्षणं अशी: मिनिटाला ८० च्या वर श्वास, वेव्हमेकरच्या प्रवाहात तोंड धरून उभं राहणं, उजेड टाळणं, खाणं एकदम बंद. सोनेरी धूळ दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. यात दिवस नाहीत, तास मोजायचे असतात.

फ्लूक, म्हणजे चपटे कृमी, शोधायला गोड्या पाण्याची अंघोळ घालतात: डीआय पाणी, तापमान टाकीएवढंच, खाण्याच्या सोड्यानं पीएच ८.२ च्या आसपास, हवेचा बुडबुडा चालू, पाच मिनिटं. तळाशी पांढरे तिळासारखे कण पडले तर फ्लूक आहेत. त्यावर प्राझिक्वाँटेल हे कृमींचं औषध, आणि अंड्यांतून निघालेली पिल्लं मारायला ५ ते ७ दिवसांनी दुसरी मात्रा.

मासे बाहेर, टाकी रिकामी

व्हेल्व्हेट किंवा क्रिप्टोकॅरिऑन सापडला की उरलेले सगळे मासे बाहेर काढावे लागतात, ठणठणीत दिसणारेसुद्धा. उपचाराची टाकी ४० ते ६० लिटरची, तळ उघडा, स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसीचे कापलेले तुकडे. वाळू आणि दगड नाहीत. फिल्टरचा स्पंज रोगट टाकीतला घेऊ नका. बाटलीतले जिवाणू घाला आणि अमोनिया रोज मोजा. ही टाकी मुख्य टाकीपासून किमान ३ मीटर लांब ठेवा, कारण बुडबुड्यांच्या तुषारांतून व्हेल्व्हेट हवेतून जातो. जाळी, बादली, नळी, सगळं वेगळं.

उपचार तांब्याच्या औषधाचा, पण फक्त या वेगळ्या टाकीत. त्याची मात्रा दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवून ३० दिवस एकसारखी ठेवायची, रोज मोजून. साध्या कॉपर सल्फेटचं प्रमाण लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम आणि चिलेटेड (तांबं बांधून ठेवलेल्या) औषधाचं २.० ते २.५. दहापटीचा फरक आहे, बाटली कोणती ते दोनदा वाचा, आणि मोजायचं किटही त्याच प्रकारच्या तांब्याला चालणारं घ्या. एक दिवस मात्रा खाली गेली तर तीस दिवस पुन्हा पहिल्यापासून. फक्त पांढरे ठिपके असतील तर औषधाविना टाकी-बदल पद्धत आहे: दर ७२ तासांनी मासे धुतलेल्या, वाळवलेल्या दुसऱ्या टाकीत, असे चार वेळा. व्हेल्व्हेटवर ती चालत नाही.

मुख्य टाकीत कोळंबी, प्रवाळ, गोगलगायी राहू द्या, पण एकही मासा नको. ७६ दिवस. पन्नासाव्या दिवशी पाणी स्वच्छ दिसतं, मुलं रोज विचारतात नवा मासा कधी, आणि नेमक्या याच वेळी बहुतेक टाक्या पुन्हा रोगट होतात, कारण वाळूतल्या परजीवींच्या काही गाठी अजून फुटायच्या असतात. या काळात कोळंबीला आठवड्यातून दोनदा थोडं खाणं घाला, म्हणजे जिवाणूही जगतील.

७७ व्या दिवशी क्वारंटाइनमधला एकच मासा आत सोडा, सगळ्यात शांत स्वभावाचा. पुढचा दोन आठवड्यांनी. तोवर रोज रात्री दिवे गेल्यावर टॉर्चनं त्याचा मिनिटाचा श्वास मोजा आणि वहीत तापमान, क्षारता यांच्या शेजारी लिहा. तिसरा आकडा एकदम चढला तर पहिले दोन तिथेच डोळ्यांसमोर असतील.